नॉयहोफची शेतशाळा : योहान हाइन्रिख पेस्टालॉझी यांचें चरित्र

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें एक अडचण वारंवार दिसून येते. मुलगा शाळेंत गेला कीं त्याला शेताची लाज वाटूं लागते, आणि शेतावर राहिला कीं तो शाळेला मुकतो. विद्या ती पुस्तकांत आणि शेतांत केवळ कष्ट, अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. भिंती, बांक आणि फळा असल्यावांचून शिकवितां येत नाहीं, असें कित्येक मास्तरांसही वाटतें. या दोन्ही समजुती खोट्या आहेत हें दाखविण्यासाठीं ज्यांनीं आपली मालमत्ता, आपली अब्रू व आपलें सारें आयुष्य खर्चीं घातलें, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव योहान हाइन्रिख पेस्टालॉझी. ते स्वित्झर्लंड देशांतील प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासद होते. त्यांच्या वांट्याला यश थोडें आणि अपयश फार आलें. तरी आज जगांत लहान मुलांस ज्या रीतीनें शिकवितात, तींतील पुष्कळशा चांगल्या गोष्टींचें मूळ त्यांच्या शेतावर सांपडतें.

बाळपण

पेस्टालॉझी यांचा जन्म ज्यूरिच शहरीं तारीख १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. ते १७५१ सालीं वारले, तेव्हां हाइन्रिख पांच वर्षांचा होता. घरांत बार्बारा नांवाची एक मोलकरीण होती. तिला सर्व जण बाबेली म्हणत. मृत्युशय्येवर असतांना धन्यानें तिला जवळ बोलावून, माझ्या बायकोला व लेंकरांना सोडून जाऊं नको, अशी विनंती केली. तिनें वचन दिलें आणि तें जन्मभर पाळलें. घरांत पैसा बेताचा होता. बाजार उठण्याच्या वेळीं, भाजीवाल्या बायांना घरीं जाण्याची घाई झाली म्हणजे ही बाई स्वस्तांत भाजी आणावयास जाई. जोडे झिजूं नयेत व कपडे फाटूं नयेत म्हणून ती मुलांना विनाकारण घराबाहेर पडूं देत नसे. जो पुढें लेंकरांना रानावनांत घेऊन जाणारा गुरु झाला, त्याचें स्वतःचें बाळपण असें चार भिंतींच्या आंत गेलें. त्यामुळें तो बुजरा व अजागळ राहिला, आणि शाळेंतील मुलें त्याची थट्टा करीत.

परंतु त्याला एक मोकळी जागा होती. त्याचे आजोबा ज्यूरिचजवळील होंग या गांवीं मंडळीचे पाळक होते. सुटींत हाइन्रिख तेथें जाई. आजोबा गोरगरिबांच्या भेटीस व गांवच्या शाळेंत जात, तेव्हां नातू त्यांच्याबरोबर असे. खेड्यांतील गरिबी त्यानें तेथें पाहिली. मोकळ्या हवेंत वाढणारीं टवटवीत मुलें थोडीं मोठीं झालीं कीं कोंदट खोलींत बसून पाठांतर करूं लागतात, किंवा सुताच्या कामाला जुंपलीं जातात, आणि कोमेजून जातात, हेंही त्याच्या ध्यानांत आलें. हें चित्र त्याच्या मनांतून कधीं गेलें नाहीं.

शेतकरी होण्याचा निश्चय

तरुणपणीं पेस्टालॉझी यांनीं आजोबांप्रमाणें पाळक होण्याच्या हेतूनें शिक्षण आरंभिलें. पुढें तें सोडून कायद्याकडे वळले, आणि तेंही सोडलें. १७६२ सालीं रूसो नामक ग्रंथकाराचें एमील नांवाचें पुस्तक प्रसिद्ध झालें होतें. मुलाला आधीं निसर्गाच्या संगतींत वाढवावें, असें त्यांत प्रतिपादिलें होतें. हें पुस्तक वाचून त्या काळच्या पुष्कळ तरुणांप्रमाणें पेस्टालॉझीही भारले गेले. गरिबांचें कल्याण करावयाचें तर शहरांत बसून भाषणें करण्यापेक्षां त्यांच्यामध्यें जाऊन शेतकरी व्हावें, असें त्यांनीं ठरविलें. १७६७ सालीं ते बर्न प्रांतांतील किर्खबेर्ग येथें चिफेली नांवाच्या सुधारक शेतकऱ्याकडे शेती शिकण्यास गेले. हा गृहस्थ मंजिष्ठाची लागवड करी. त्या वनस्पतीच्या मुळांपासून तांबडा रंग निघे व त्याला चांगला भाव येत असे.

१७६९ सालीं आना शुल्थेस या सुशिक्षित व श्रीमंत घरच्या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. ती त्यांच्याहून आठ वर्षांनीं वडील होती. तिच्या आईबापांना हें स्थळ पसंत नव्हतें, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांची भीति खरी ठरली. पेस्टालॉझी यांनीं बिर या खेड्याजवळ कर्ज काढून जमीन घेतली आणि तेथें घर बांधिलें. त्या ठिकाणाला त्यांनीं नॉयहोफ, म्हणजे नवें शेतघर, असें नांव दिलें. परंतु जमीन हलकी होती. मंजिष्ठ नीट आलें नाहीं. ज्या सावकारानें पैसे दिले होते त्यानें ते मागें घेतले. त्यांतच १७७० नंतरच्या दोन वर्षांत त्या मुलखांत पिकें बुडून महागाई झाली. आनाच्या माहेरचा पैसा त्या शेतांत गेला, तरी शेत उभें राहीना.

ओढ्याकांठचे धडे

१७७० सालीं या जोडप्याला मुलगा झाला. त्याचें नांव याकोब. तो साडेतीन वर्षांचा असतांना, म्हणजे १७७४ सालच्या आरंभीं, बापानें त्याच्या शिक्षणाची एक रोजनिशी लिहिली. ती अद्याप उपलब्ध आहे. त्या रोजनिशींत बापाची चूकही लिहिलेली आहे. त्यांनीं पोराला अंकांचीं नांवें पाठ करून दिलीं होतीं. पोर तीं घडाघड म्हणे. परंतु त्या नांवांमागें काय आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. तोंडांत शब्द आणि मनांत कांहीं नाहीं, असें ज्ञान म्हणजे मोठीच फसवणूक, हें बापाच्या लक्षांत आलें.

मग त्यांनीं मुलाला बाहेर नेलें. डोंगराच्या उतारावर नेऊन पाणी खालीं कसें धांवतें तें दाखविलें. पाणी उंचावरून सखल जागीं येतें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. पोरानें पाहिलें आणि पोराच्याच तोंडून तें निघालें. पांखरूं गाऊं लागलें किंवा पानावरून किडा चालूं लागला, तर बापानें आपलें बोलणें थांबवावें, कारण त्या क्षणीं शिकविणारा दुसराच आहे, असा नियम त्यांनीं स्वतःला घालून घेतला. वाचकहो, आपणां बोलक्या शिक्षकांना हा नियम पाळणें किती कठीण आहे, तें ज्याचें त्यानें पाहावें.

येथें एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. याकोबाची प्रकृति नाजूक होती. त्याला फेंफरें येत असे, आणि तो मोठा झाल्यावरही लिहिण्यावाचण्यांत मागें राहिला. १८०१ सालीं तो वारला. ज्या बापानें जगाच्या लेंकरांची वाट उजळ केली, त्याला आपल्या एकुलत्या एका लेंकराला पुढें नेतां आलें नाहीं. हें शल्य त्यांनीं मुकाट्यानें सोसलें.

गरिबांच्या मुलांची शाळा

नॉयहोफच्या आसपास रस्त्यांवर भीक मागणारीं मुलें हिंडत. कित्येकांना गांवकऱ्यांनीं शेतकऱ्यांकडे चाकरीला ठेवलेलें असे. तेथें त्यांना पोटभर अन्नही मिळत नसे. १७७४ सालीं, स्वतःचें शेत बुडत असतांना, पेस्टालॉझी यांनीं अशा मुलांना आपल्या घरीं आणिलें. त्यांना न्हाऊं घातलें, कपडे दिले, आणि आपल्या कुटुंबांतच ठेवून घेतलें. चार वर्षांत त्यांची संख्या ३५ च्या वर गेली. मुलगे व मुली दोन्हीं होतीं. कित्येकांना आईबाप नव्हते, कित्येकांचे असून नसल्यासारखे होते.

उन्हाळ्यांत हीं मुलें शेतांत व भाजीच्या मळ्यांत काम करीत. हिवाळ्यांत, बाहेर बर्फ पडूं लागलें म्हणजे, घरांत कापूस कांतीत व विणीत. मुली स्वयंपाक, शिवणकाम व बाग पाहत. काम चालू असतांनाच शिकणें चाले. वाचनाची घाई नव्हती. मुलानें आधीं जें डोळ्यांपुढें आहे तें नीट पाहावें, त्याचें नांव घ्यावें, त्याविषयीं स्पष्ट बोलावें, आणि मग अक्षरांकडे वळावें, असा क्रम होता. बटाटे, गाजरें, सलगम असें साधें अन्न खाऊन व मोकळ्या हवेंत राहून मरतुकड्या मुलांचीं शरीरें थोड्याच महिन्यांत भरलीं. ज्यांना लोक जन्माचे मंद समजत, त्यांच्यांतील कित्येक चपळ निघालीं. पेस्टालॉझी मुलांबरोबर जेवत, मुलांबरोबर राबत. आनानेंही आपल्या प्रकृतीकडे न पाहतां त्यांचें मातृपद पत्करिलें.

अपयशाचीं कारणें

असें असतां ही शाळा १७८० सालीं बंद करावी लागली. याचीं कारणें आपणांस विचार करण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण आईबाप. ज्यांचे आईबाप हयात होते तीं मुलें दर रविवारीं भेटीला येणाऱ्या त्या आईबापांच्या तक्रारी ऐकत. आमचें पोर तुमच्याकडे राबतें, तर आम्हांस त्याचा मोबदला द्या, असें ते म्हणत. पुष्कळांनीं तर अंगावर नवे कपडे चढल्याबरोबर मुलांना रातोरात पळवून नेलें. दुसरें कारण पेस्टालॉझी यांचा अव्यवहारीपणा. जाडेंभरडें सूत नीट निघण्यापूर्वींच बारीक सुतावर त्यांचा जीव. विक्री कशी करावी हें त्यांना कळत नसे, आणि हिशेब तर कधींच जुळला नाहीं. ही चूक त्यांनीं पुढें स्वतःच कबूल केली.

परंतु सर्वांत मोठें कारण याहून खोल आहे. मुलांच्या हातच्या कामांतून मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. जें लेंकरूं शिकण्यासाठीं काम करतें तें धिमेपणानें करतें, चुकतें, पाहत बसतें, प्रश्न विचारतें. आणि जें कमाईसाठीं काम करतें त्याला शिकावयास सवड राहत नाहीं. लेंकराच्या मजुरीवर लेंकराचें शिक्षण चालत नाहीं. तें वडील माणसांनीं, मंडळीनें किंवा सरकारनें सोसावें लागतें. जे आपल्या मुलामुलींना गुरांमागें किंवा ऊसतोडीला धाडतात आणि काम करतां करतां तें शिकेल असें म्हणतात, त्यांनीं नॉयहोफची ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेतावर शिकणें निराळें आणि शेतावर राबविणें निराळें.

अठरा वर्षांचा वनवास

शाळा मोडली आणि पेस्टालॉझी कफल्लक झाले. जमिनीचा बराच भाग हातचा गेला. शेजारीपाजारी त्यांची चेष्टा करूं लागले. जुने स्नेही वाटेंत भेटले तर तोंड चुकवीत. घरांत कधीं भाकरी नसे तर कधीं सर्पण. अशा वेळीं एलिझाबेथ नेफ नांवाची एक गरीब बाई आपण होऊन त्यांच्या घरीं चाकरीस आली. तिनें पडीक मळा पुन्हां लाविला, घर झाडून पुसून नीटनेटकें केलें, आणि त्या खचलेल्या कुटुंबाला धीर दिला. तिला विद्या नव्हती. परंतु घरांतील प्रत्येक वस्तु तिच्या हातीं शिकविणारी झाली.

तिच्याकडे पाहून पेस्टालॉझी यांना एका कथेची स्फूर्ति झाली. १७८१ सालीं त्यांनीं लीनहार्ड आणि गेर्ट्रूड नांवाची खेड्यांतील जीवनाची गोष्ट प्रसिद्ध केली. दारूनें बिघडलेल्या नवऱ्याला व गांवाला एक शहाणी आई कशी सांवरते, हें तिच्यांत सांगितलें आहे. ही गेर्ट्रूड आपल्या मुलांना घरांतील पावलें, खिडकीचीं तावदानें व चात्यावरचे धागे मोजावयास लावून हिशेब शिकविते. या पुस्तकानें त्यांचें नांव युरोपभर झालें. शाळा काढूं न शकलेला हा माणूस आतां ग्रंथकार म्हणून गाजला. परंतु त्यांचें मन मुलांकडेच लागलें होतें.

श्टान्सचीं अनाथ मुलें

१७९८ च्या सप्टेंबर महिन्यांत फ्रेंच सैन्यानें श्टान्सच्या परिसरांतील बंड मोडून काढिलें. घरें जळालीं, माणसें मेलीं, आणि पुष्कळ मुलें उघड्यावर पडलीं. नव्या सरकारनें पेस्टालॉझी यांना तेथें पाठविलें. तेव्हां त्यांचें वय ५२ वर्षांचें होतें. १७९९ च्या जानेवारींत एका मठाच्या अर्धवट दुरुस्त इमारतींत त्यांनीं मुलांना घेतलें. सुमारें ८० मुलें जमलीं. खरजेनें भरलेलीं, उवांनीं खाल्लेलीं, भ्यालेलीं अशीं तीं होतीं. हाताखालीं एका बाईखेरीज कोणी नाहीं. गांवचे लोक कॅथॉलिक. त्यांना हा प्रॉटेस्टंट मनुष्य व त्याला पाठविणारें सरकार दोन्हीं नकोशीं होतीं. तरी ते रात्रंदिवस मुलांमध्यें राहिले. रात्रीं सर्वांच्या मागून निजत व सकाळीं सर्वांच्या आधीं उठत.

जवळचें आल्टडोर्फ गांव जळाल्याची बातमी आली, तेव्हां त्यांनीं मुलांना भोंवतीं बसवून विचारिलें, कीं तेथील वीस अनाथांना आपण घेऊं काय. मात्र घेतलें तर तुमच्या अन्नांतलें व कपड्यांतलें त्यांना द्यावें लागेल आणि काम अधिक करावें लागेल. मुलांनीं एकमुखानें होकार दिला. शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा उपदेश तेथें कोणी पाठ करून घेतला नव्हता. तो आधीं आचरणांत आला, आणि मग त्याला शब्द मिळाले.

जून महिन्यांत सैन्याला इस्पितळासाठीं ती जागा हवी झाली आणि शाळा उठली. पेस्टालॉझी रक्त ओकूं लागले होते. विसाव्यासाठीं ते गुर्निगेल नांवाच्या डोंगरावर गेले. तेथून पसरलेली दरी फार रम्य दिसते. आयुष्यांत एवढा विस्तीर्ण देखावा त्यांनीं पूर्वीं पाहिला नव्हता. तरी तो पाहतांना दरींतील रानांपेक्षां तेथल्या वाईट शिकविल्या गेलेल्या लोकांचाच विचार आपल्या मनांत अधिक आला, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.

दरी जी मातींतून उभी राहिली

त्याच वर्षीं ते बुर्गडोर्फ येथें शिकवूं लागले. तेथल्या काळची एक गोष्ट सांगतात. वर्गांत शिडीचें चित्र दाखवून धडा चालला होता. एक मुलगा म्हणाला, कीं अंगणांत खरी शिडी आहे, मग आपण तिच्याविषयींच कां बोलत नाहीं. हें बोलणें पेस्टालॉझी यांच्या मनाला लागलें. वस्तु हाताशीं असतां तिचें चित्र कशाला, असें त्यांना वाटलें.

१८०५ सालापासून त्यांची शाळा इव्हर्दों गांवच्या जुन्या किल्ल्यांत भरूं लागली आणि वीस वर्षें तेथें चालली. भरभराटीच्या दिवसांत तेथें दीडशेंच्या आसपास मुलें होतीं; तीं निरनिराळ्या देशांतून आलेलीं. जवळ मोठें सरोवर होतें, मागें ज्यूरा पर्वत. मुलें सरोवरांत पोहत, डोंगर चढत, वनस्पति व दगड गोळा करीत.

तेथें भूगोल कसा शिकवीत तें एका विद्यार्थ्यानें मोठेपणीं लिहून ठेविलें आहे. पहिल्या दिवशीं पुस्तक नाहीं, नकाशाही नाहीं. मुलांना गांवाजवळील ब्युरों नांवाच्या ओढ्याच्या अरुंद दरींत नेलें. आधीं ती सगळी एकदम न्याहाळावयास लाविली, मग एकेक भाग, मग पुन्हां सगळी. नंतर दरीच्या एका बाजूच्या थरांतील माती खणून टोपल्यांत भरावयास सांगितली. किल्ल्यांत परत आल्यावर मोठमोठ्या मेजांवर मुलांनीं त्या मातीची तीच दरी बनविली. ज्याच्या वांट्याला जो भाग आला तो त्यानें केला. पुढच्या दिवसांत आणखी दूर, आणखी उंच जाऊन पाहावें आणि मातीची दरी वाढवीत जावें. ती पुरी झाली तेव्हांच नकाशा समोर ठेविला. आणि त्या वेळीं तो मुलांना समजला, कारण त्यांतील प्रत्येक रेघेवरून तीं पायांनीं चाललीं होतीं. पुढें भूगोलशास्त्राचा मोठा पंडित झालेला कार्ल रिटर ही शाळा पाहावयास आला होता. पेस्टालॉझी यांना स्वतःला भूगोल फारसा येत नव्हता, तरी या शास्त्राची खरी रीत आपण त्यांच्याकडूनच शिकलों, असें तो कृतज्ञतेनें सांगे. शिक्षकाला सर्व येत असलें पाहिजे असें नाहीं. त्याला मुलाबरोबर पाहतां आलें पाहिजे.

फ्रोबेल हाही इव्हर्दों येथें राहून गेला. त्यानें १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढिली आणि पुढें तिला बालोद्यान असें नांव दिलें. तेथें प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा असे. फेलेनबेर्ग नांवाच्या एका जमीनदारानें होफविल येथें मोठें शेत चालविलें, आणि १८१० पासून वेर्ली या शिक्षकाच्या हाताखालीं गरीब मुलें त्या शेतावर काम करीत शिकलीं. फेलेनबेर्ग व्यवहारांत चतुर होता. म्हणून जें नॉयहोफला साधलें नाहीं तें तेथें साधलें. एकानें पेरावें व दुसऱ्यानें कापावें, असें देवाच्या राज्यांत नेहमींच होतें.

शेवट

पेस्टालॉझी निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. इव्हर्दोंच्या शाळेंत शिक्षकांचीं भांडणें लागलीं आणि तीं त्यांना मिटवितां आलीं नाहींत. त्यांच्या शिकवणींत शास्त्राचे सिद्धांत पुरेसे येत नाहींत, असा आक्षेपही कित्येक धार्मिक लोकांनीं घेतला. तो अगदींच निराधार नव्हता. परंतु प्रभूनें लेंकरांना जवळ घेतलें त्या प्रीतीचा अंश या माणसांत होता, हें त्यांचे टीकाकारही नाकारीत नसत.

१८१५ च्या डिसेंबरांत त्यांची पत्नी आना देवाघरीं गेली. ४६ वर्षें तिनें त्यांचें दारिद्र्य वांटून घेतलें होतें. १८१८ सालीं, सत्तरी उलटल्यावर, त्यांनीं पुन्हां एकदां गरीब मुलांसाठीं शाळा काढिली. तीही फार दिवस टिकली नाहीं. १८२५ सालीं इव्हर्दोंची शाळा बंद झाली आणि ते नॉयहोफला, नातवाच्या घरीं, परत आले. पन्नास वर्षांपूर्वीं जेथें भिकाऱ्यांचीं मुलें आणिलीं होतीं तेंच तें शेत. तारीख १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग गांवीं त्यांचें देहावसान झालें. बर्फ पुष्कळ पडलें होतें, म्हणून प्रेतयात्रेला माणसें थोडीं जमलीं. बिर येथें शाळेच्या भिंतीलगत त्यांना पुरलें. १८४६ सालीं, त्यांच्या जन्माला शंभर वर्षें झालीं तेव्हां, तेथें नवें शाळागृह व त्यांचें स्मारक उभारण्यांत आलें. नॉयहोफची जागाही वायां गेली नाहीं: लोकांच्या वर्गणीनें ती विकत घेऊन १९१४ सालीं तेथें अडचणींतील मुलांसाठीं पुन्हां संस्था उघडण्यांत आली.

आपणांसाठीं बोध

पेस्टालॉझी यांची रीत इंग्लंडांतून आपल्या देशांतही आली. इव्हर्दोंला राहून गेलेले चार्ल्स मेयो व त्यांची बहीण एलिझाबेथ यांनीं ती इंग्लंडांत रुजविली, आणि तेथून ती शिक्षकांच्या शिक्षणक्रमांत शिरली. मराठी शाळांतून वस्तुपाठ म्हणून जो विषय शिकवीत तो हाच. आज तो शब्द उत्तम उदाहरण या अर्थानें आपल्या बोलण्यांत उरला आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं वस्तु गेली आणि पाठ तेवढा राहिला. पिंपळाच्या पानाचें वर्णन पुस्तकांतून पाठ करून घ्यावें आणि खिडकीबाहेरच्या पिंपळाकडे कोणी पाहूं नये, असेंही घडलें. याकोबाच्या अंकांसारखेंच तें झालें.

म्हणून खेड्यांतील उपदेशकांस व शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे. आपल्या मंडळीला इमारत नसेल, चित्रें नसतील, खडूही नसेल. तरी पेस्टालॉझी यांना शहरांतून जें शोधीत यावें लागलें तें आपल्या दारांत आहे. महिन्यांतून एका रविवारीं तरी मुलांना बांधावर घेऊन बसावें. पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगण्यापूर्वीं वाटेवरची, खडकाळ, कांटेरी आणि चांगली अशी चारही प्रकारची माती त्यांच्याच हातांनीं उकरवून पाहावी. मोहरीचा दाणा तळहातावर ठेवावा. आपला प्रभुही डोंगरावर व सरोवराकांठीं बसून शिकवी. त्यानें रानांतील फुलांकडे व आकाशांतील पांखरांकडे बोट दाखविलें. त्यानें दाखविलें तें आधीं पाहावें, मग त्यावर बोलावें. आणि पांखरूं गात असेल तर तें थांबेपर्यंत आपण थांबावें.

आईबापांनीं इतकेंच करावें: मुलाला शेतावर न्यावें, पण तें मजूर म्हणून नव्हे, आणि शाळेंतून आलेल्या मुलाला, आज शेतांत काय पाहिलेंस, असें रोज एकदां विचारावें. असें केलें तर शाळेला गेलेल्या मुलाला शेताची लाज वाटणार नाहीं, आणि शेतांत वाढलेलें मूल शाळेला मुकणार नाहीं. यासाठीं लागणारी बुद्धि व धीर देव आपणां सर्वांस देवो.